रॉकेलमधलं मीठ

बुडबुडा पुन्हा आला.

जळबा खिल्लारे नळीवर इतका वाकला होता की त्याच्या कपाळावरचा घाम नळीवर ठिबकत होता. दवाखान्यात सलाइनला असते तसली ती पारदर्शक नळी. तिच्यातून रॉकेल पुढं सरकत होतं आणि मधूनच मोहरीएवढा एक बुडबुडा कुठूनसा जन्म घेऊन, रॉकेलच्या पाठीवर बसून, इंजिनाच्या दिशेनं निघून जात होता.

"कवाधरनं बुडबुडेच बघून राहिला, जळबाभाऊ," धर्मसिंग म्हणाला. तो वर्कशॉपमधला वेल्डर, जवळच्या तांड्यावरचा. उलट्या डब्यावर बसून तो न पेटवलेली बिडी दातांत फिरवत होता, कारण आज इथं काडी ओढायची नाही असं जळबानं त्याला बजावलं होतं. "एवढ्याशा हवेनं काय होतं? आपल्या पोटात बी हवा असती. आपण काय बंद पडतो?"

"आपल्या पोटात जाळ नसतो, धर्मसिंग."

"तुमी माझ्या बायकोच्या हातचं कालवण न्हाई खाल्लं."

एरवी जळबा हसला असता. आज रविवार होता. कुरुंद्याच्या रस्त्यावरचं, कालव्याच्या काठचं हे पाटबंधारे खात्याचं वर्कशॉप बंद होतं, आणि त्याच्या हातात फक्त आजचा दिवस होता. उद्या अमावस्या. इंजिन आज चाललं नाही, तर उद्या त्याला सासूबरोबर जावं लागणार होतं. कुठं, ते आठवलं की त्याला स्वतःच्याच हातांची लाज वाटे.

टेबलावर पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं ते इंजिन बघणाऱ्याला इंजिन वाटलंच नसतं. धरणाच्या कामावर कधीकाळी माती ओढणारी मोठी यंत्रं होती. काम संपल्यावर ती भंगारात निघाली, तेव्हा त्यातल्या एकाचा टर्बो जळबानं मागून घेतला होता. एकाच दांड्यावर दोन चाकं. एक हवा आत ओढून दाबतं, दुसरं जळालेल्या वायूच्या झोतानं फिरतं आणि पहिल्याला फिरवतं. मधल्या वाटेवर धर्मसिंगनं वेल्ड करून दिलेली एक नळकांडी होती, आत भोकंभोकं पाडलेली दुसरी नळकांडी असलेली. हवा या नळकांडीत शिरायची, तिथं रॉकेलचा फवारा तिला भेटायचा, आणि जाळ व्हायचा. आकार मोठ्या कळशीएवढा, पण तत्त्व तेच. आकाशात आवाज टाकून निघून जाणाऱ्या विमानाच्या पोटातही हेच असतं.

जाळ करणं अवघड नाही. जाळापर्यंत तेल अखंड नेणं अवघड. हवाई दलात इंजिन फिटर म्हणून काढलेल्या वर्षांत जळबा जर काही शिकला असेल तर ते हे. बुडबुडा जेटच्या, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी पोचला की त्या क्षणी तेल नाही, जाळ मरतो. पुढच्या क्षणी तापलेल्या लोखंडावर न पेटलेलं तेल पडतं, आणि मग एक तर नुसता धूर होतो, नाही तर मागच्या तोंडानं भडका.

हवा कुठून शिरते हेच सापडत नव्हतं. टाकीतून पंप रॉकेल ओढत होता, म्हणजे कुठं तरी सांधा ढिला असला तरी तेल बाहेर येणार नव्हतं. हवा आत जाणार होती. असली गळती डोळ्यांना दिसत नाही. ती कानाला सापडते. बारीक सुस्कारा येतो.

आणि जळबाचा कान कधीच रिकामा नव्हता.

"वयनी आली," धर्मसिंग म्हणाला.

चांगुणा कॅन घेऊन दारात उभी होती. एका हातात रॉकेलचा कॅन, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. ती आत आली नाही. गेले काही महिने ती अशीच, जळबा असेल त्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबायची.

"ये ना आत," जळबा म्हणाला.

"झालं का तुमचं?"

"हवा घेऊन राहिलं कुठं तरी. सापडत न्हाई."

ती कॅन खाली ठेवून टेबलाजवळ आली. पंपाची छोटी मोटर घुं घुं करत होती. जुन्या जीपच्या वायपरची होती ती. चांगुणानं पदर कानामागं सारला, टाकीपासून पंपापर्यंत कान नेला, मग परत मागं आणला.

"इथं सू करतंय."

"कुठं?"

"हे काय, हितं. या नटाच्या खाली. लेकरू झोपेत श्वास घेतंय तसं."

जळबानं त्या नटाखाली बोट दाबलं आणि नळीकडे पाहिलं. एक बुडबुडा गेला, दुसरा गेला, मग नळी स्वच्छ झाली. नुसतं रॉकेल, इतकं निवळ की ते सरकतंय की थांबलंय तेही कळेना. त्यानं नट सोडला, आतलं वायसर काढून उन्हात धरलं. केसाएवढी चीर होती.

"वा वयनी!" धर्मसिंग म्हणाला. "सरकारनं यांच्या जागी तुमालाच ठिवाया पाहिजे होतं."

चांगुणा हसली नाही. वायसर बदलणाऱ्या नवऱ्याच्या मानेकडे ती बघत राहिली. इथं सू करतंय हे तिला ऐकू येतं आणि त्याला नाही. आणि त्याला जे ऐकू येतं ते जगात कुणालाच नाही. त्या दुसऱ्या गोष्टीचीच तिला भीती होती.

जळबाच्या कानात शिट्टी होती. शिट्टी म्हणजे पोरं वाजवतात तशी नव्हे. जेट इंजिन सुरू होताना जो बारीक, वर वर चढत जाणारा सूर निघतो तो. फरक एवढाच की इंजिनाचा सूर चढून एका जागी स्थिर होतो, विमान जातं, आणि आवाज संपतो. जळबाच्या कानातला सूर चढून त्या जागी पोचला होता आणि तिथंच राहिला होता. लढाईच्या त्या डिसेंबरपासून. त्या दिवशी पहाटे त्यानं एका साहेबाचं विमान चालू करून दिलं. साहेबानं काचेआडून अंगठा दाखवला. विमान गेलं. बाकीची आली, ते आलं नाही. संध्याकाळी सगळे जेवायला गेले तरी जळबा धावपट्टीच्या कडेला उभा होता, कारण त्याला ते येताना ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशीही येत होतं.

लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, कानातली नस मेली. फार वर्षं फार आवाजात काम केलं की मरते. जळबानं विचारलं, मेली तर गप्प का बसत नाही? डॉक्टर म्हणाला, मेलेलीच ओरडते. इलाज नाही, सवय करा. त्याला कामातून कमी केलं, आणि तो बायको-लेकरांत परत आला.

चांगुणाला त्यानं हे सगळं सांगितलं होतं. साहेबाचंही सांगितलं. तेवढं सांगायला नको होतं.

एकदा रात्री, जेवणं झाल्यावर, तिनं त्याचा लांब पेचकस उचलला होता. इंजिनाचं बेअरिंग तपासायला मेकॅनिक तो वापरतात: टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, म्हणजे आतलं खरखरणं थेट डोक्यात ऐकू येतं. चांगुणानं हे पाहिलेलं होतं. तिनं टोकाला चिंधी गुंडाळली, ते जळबाच्या कानामागं टेकवलं, आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून डोळे मिटले. जळबा श्वास धरून बसला. त्याला खरंच वाटलं होतं की तिला ऐकू येईल.

"काय न्हाई," ती शेवटी म्हणाली. "कायच न्हाई वाजून राहिलं."

तिनं पेचकस खाली ठेवला. जे यंत्रात असतं ते पेचकसातून ऐकू येतं. पेचकसातून येत नाही, आणि तरी माणूस रात्ररात्र उठून बसतो, अंगणात जाऊन आभाळाकडे बघतो. मग ते काय असेल, हे सांगायला तिची आई जनकाबाई डोंगरकड्याहून आलीच.

"त्यो सायबच हाय," जनकाबाई म्हणाली. "त्याला मसनवटा न्हाई भेटला. ज्यानं शेवटचं पाठवलं त्याच्याच कानात येऊन बसला. माळावरच्या बाबाकडं नेऊ. अमावस्येला उतरवतो तो."

जळबा तेव्हा पहिल्यांदा सासूवर ओरडला होता. त्याच्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव टोपल्यात भरून कयाधूच्या डोहात सोडले होते, आणि सोळा-सतरा वर्षांचा जळबा गुडघाभर पाण्यात उभा राहून ते बुडताना बघत होता. तो माणूस आता कुणा बाबापुढं केस मोकळे सोडलेल्या बायांच्या रांगेत बसणार? पण घरात लेकरं होती, आणि बाप मध्यरात्री अंगणात उभा राहून "आलं, आलं" म्हणतो हे त्यांनी पाहिलं होतं. चांगुणा रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "मंग मी लेकरं घिऊन आईकडं जाते. तुमी एकटे राहून बघा त्याच्यासंगं."

तेव्हा सौदा ठरला. जळबा म्हणाला, मी तुला तो आवाज बाहेर काढून दाखवतो. तुझ्या कानानं ऐक. ते मशीन आहे, माणूस नाही, हे पटलं तर बाबाचं नाव काढायचं नाही. नाही दाखवता आलं तर अमावस्येला मी येतो, म्हणशील तिथं बसतो.

आणि जनकाबाई कालपासून घरात येऊन बसली होती, लिंबू-नारळाची पिशवी घेऊन.

वायसर बसलं. जळबानं चांगुणानं आणलेलं रॉकेल टाकीत ओतलं. बेअरिंगला तेल देणारा डबा भिंतीवर उंच टांगलेला होता, त्याची तोटी त्यानं उघडली. धर्मसिंगनं टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू केला.

"कापूस घाल कानात," जळबा चांगुणाला म्हणाला.

"ऐकायलाच आले ना मी?"

"सोड हवा!"

धर्मसिंगनं हवेच्या नळीचं तोंड पुढच्या चाकावर धरलं. चाक कुरकुरलं, फिरलं, मग त्याच्या पात्या दिसेनाशा झाल्या. जळबानं स्पार्कचं बटण दाबलं आणि आधी पेट्रोलचा कॉक उघडला. थंड लोखंडात रॉकेल पेट धरत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोल. आत धप्प असा आवाज झाला. बघायच्या भोकातून निळसर जाळ दिसला. आता हळूहळू पेट्रोल बंद, रॉकेल चालू. दोन्ही कॉक त्याच्या दोन हातांत होते. एक हात देतो, दुसरा काढून घेतो. मध्ये पोकळी राहता कामा नये.

रॉकेल पोचलं, आणि जाळ पिवळा झाला.

धुराचा पिवळा वेगळा असतो. त्याला लाल-काळी कड असते. हा पिवळा स्वच्छ होता, हळदीच्या पेवातून नुकत्याच काढलेल्या गाठीसारखा. जळबानं असा जाळ इंजिनात कधी पाहिला नव्हता. सूर चढायला लागला होता, तो मध्येच अडखळला. जाळ आखडला, एका बाजूला कलला, विझला. मागच्या तोंडातून पांढरा धूर आला.

"बंद!"

कॉम्प्रेसर थांबल्यावर वर्कशॉपमध्ये रॉकेलचा नुसता वास उरला. लोखंड निवेपर्यंत थांबावं लागलं. मग जळबानं जेट उघडलं. सुईच्या टोकाएवढं भोक, त्याच्याभोवती पांढरी खपली धरलेली. त्यानं ती नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"काय हाय?" धर्मसिंगनं विचारलं.

जळबानं कॅन उचलून तिरपा केला, तळाशी उरलेलं रॉकेल काचेच्या वाटीत ओतलं आणि उजेडात धरलं. वर रॉकेल. खाली, त्यात न मिसळता, पाण्याचे थोडे टपोरे थेंब. आणि त्या पाण्यात, अजून पुरते न विरघळलेले, खडे.

"मीठ," तो म्हणाला.

"राकेलात मीठ? आता रेशनवाले मिठाची बी भेसळ करायला लागले का काय!"

"मी टाकलं," चांगुणा म्हणाली.

धर्मसिंगनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, बिडी दातांतून काढली, आणि "कालव्यावर तोंड धुऊन येतो" म्हणून बाहेर गेला.

"काहून?" जळबानं विचारलं.

ती खाली बघत होती. "पहाटं तुमी झोपला होता. तुमच्यावरनं ओवाळलं."

"आईनं सांगितलं?"

"आईला म्हाईत बी न्हाई. ओवाळलेलं मीठ चुलीत टाकायचं असतं. त्ये तडतडलं म्हंजे लागलेलं जळून गेलं." तिनं इंजिनाकडे हात केला. "म्या म्हटलं, चुलीच्या जाळात ह्यो न्हाई जळायचा. ह्यो इमानातला हाय. त्याला त्याच्याच जाळात घालावं."

जळबाच्या तोंडात अजून खारट चव होती. त्याला रागवायचं होतं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि आजचा एक दिवस. पण जाळ पिवळा का झाला हे कळल्यामुळे मनाचा एक कोपरा आपोआप शांत झाला होता. रेशनच्या रॉकेलात पाणी असतंच. मीठ रॉकेलात विरघळत नाही, पण त्या पाण्यात विरघळतं. थेंब गाळायच्या जाळीतून निसटतात, तापलेल्या जेटशी पोचतात, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. सगळं बरोबर जुळत होतं. फक्त ते मीठ त्याच्या डोक्यावरून फिरून आलं होतं, एवढं कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं.

"आन् जळला असता, तर?" त्यानं विचारलं.

"तर तुमी झोपला असता," ती म्हणाली. "एक रात तरी."

 मग त्यानं टाकी खोलून घेतली, तिच्यातलं सगळं रॉकेल कॅनमध्ये परत ओतलं आणि कॅन एका कडेवर, विटेच्या टेकूनं तिरपा ठेवला.

"पाणी जड असतं. खाली बसंल. मीठ त्याच्यासंगं. वरचं वरचं काढून घेऊ."

"मंग चालंल?"

"जेट साफ केलं तर चालंल."

पाणी बसेपर्यंत दोघांनी भाकरी खाल्ली. वर्कशॉपच्या पत्र्यावर ऊन चढत होतं. जळबा सुईनं जेटचं भोक कोरत होता. चांगुणा मध्येच म्हणाली, "त्यो सायब कसा होता?"

हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"बारीक होता. तुझ्या भावाएवढा. पान खायचा चोरून. चढताना थुकून चढायचा आन् मला म्हणायचा, खिल्लारे, किसी को बोलना मत."

"मंग तुमी न्हाई सांगितलं कुणाला?"

"तुलाच सांगून राहिलो."

चांगुणानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "लगीन झालं होतं का?"

"व्हायचं होतं."

तिनं मान हलवली, शेजारच्या घरची वाईट बातमी ऐकल्यासारखी. जळबानं सुई थांबवली. त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती या बाईशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नव्हती. "मला बी कधी कधी वाटतं," तो म्हणाला. "सांजच्याला. त्योच येऊन राहिला असं. म्हाईत हाय, नस हाय. तरी बी उठून बघतो. न बघावं तर कसंतरी होतं. त्याला खाली कुणी वाट बघतंय असं दिसाया पाहिजे न्हाई का?"

चांगुणानं हातातला तुकडा फडक्यात ठेवला. उठून तिनं स्वतः कॅन धरला आणि थेंबही हलू न देता वरचं रॉकेल टाकीत ओतायला लागली. तळचं पाणी दिसायला लागताच तिनं हात थांबवला. तापलेलं दूध ओतताना साय मागं ठेवणारा तो हात होता.

धर्मसिंग परत आला. आल्या आल्या त्यानं अंदाज घेतला. "मिटलं? का अजून एक चक्कर मारून येऊ? कालव्यात पाणी लई हाय आज."

"हवा सोड," जळबा म्हणाला.

चाक फिरलं. स्पार्क. पेट्रोल. धप्प. एक हात देतो, दुसरा काढून घेतो. नळीत एकही बुडबुडा नव्हता. रॉकेल पोचलं, आणि या वेळी जाळ निळाच राहिला. जळबानं रॉकेलचा कॉक थोडा उघडला. सूर वर चढला. अजून थोडा. धर्मसिंगच्या हातातल्या हवेची आता गरज उरली नव्हती. त्यानं नळी बाजूला घेतली आणि इंजिन स्वतःच्या श्वासावर फिरत राहिलं. धर्मसिंग काहीतरी ओरडला. त्याचं तोंड नुसतं हललं.

टेबलावरच्या पेचकसांचा खुळखुळाट होत होता. पत्रा थरथरत होता. चांगुणा दोन पावलं मागं सरली, पण कानांवर हात नेले नाहीत. मुठी पदरात आवळून ती तिथंच उभी राहिली.

जळबा कॉकवर बोटांची टोकं ठेवून सूर शोधत होता. अजून वर. जरा जास्त झाला, खाली. केसाएवढा वर. आणि मग तो सापडला. बाहेरचा सूर आणि आतला सूर एकावर एक बसले. एका मापाचे दोन नट बसावेत तसे.

त्यानं बोट वर करून चांगुणाला खूण केली. हेच.

आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की आतला सूर त्याला सापडत नाहीये. तो डोक्यात चाचपडला. उजव्या कानात नव्हता, डाव्या कानात नव्हता. होता तो सगळा बाहेर होता, टेबलावर, लोखंडात, पट्ट्यांनी आवळून बांधलेला, बायकोला आणि वेल्डरला ऐकू येणारा. किती वर्षांनी डोकं रिकामं झालं होतं. जळबानं कॉकवरचं बोट न काढता डोळे मिटले. टाकीत तेल थोडं होतं हे त्याला माहीत होतं. वरचं वरचं तेवढंच निघालं होतं.

डोळे मिटून तो उभा राहिला. सूर चालू होता. सूर चालूच होता.

कुणीतरी त्याच्या दंडाला हात लावला.

चांगुणा समोर उभी होती. आवाजानं आक्रसलेला तिचा चेहरा आता मोकळा झाला होता, आणि ती काहीतरी बोलत होती. हळू, घरात बोलतात तशा आवाजात. ती इतकी हळू का बोलते हे त्याला कळेना. त्यानं इंजिनाकडे पाहिलं. चाकाची प्रत्येक पाती वेगळी दिसत होती. दारापाशी धर्मसिंग हवेची नळी गुंडाळत होता.

"कवा बंद पडलं?" जळबानं विचारलं.

"कवाचंच." ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. "तुमाला कळलं न्हाई?"

त्यानं मान हलवली.

"आता बी हाय?"

"हाय."

"एवढं मोठं?"

"एवढं न्हाई. पण ह्येच."

"दिवसरात?"

"दिवसरात."

चांगुणा उलट्या डब्यावर बसली. धर्मसिंगनं नळी खुंटीला अडकवली, दोघांकडे पाहिलं आणि चेष्टा न करताच कॉम्प्रेसरची उरलेली हवा सोडायला मागच्या बाजूला गेला.

"मशीनच हाय," चांगुणा म्हणाली. "कुणी न्हाई त्याच्यात. माणूस असता तर कवा तरी दमला असता."

"म्हटलं होतं ना तुला."

"व्हय." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "भूत असतं तर बरं झालं असतं हो. भूत उतरतं."

जळबा इंजिनाकडे वळला. त्यानं जेट खोललं. भोक स्वच्छ होतं. त्यानं ते फडक्यात गुंडाळलं. सौदा त्यानं जिंकला होता.

"आईला सांजच्या गाडीनं लावून देते," ती म्हणाली. "सांगते तिला, म्या ऐकलं म्हणून."

"मानंल का ती?"

"न मानू. म्या ऐकलं."

दोघं बाहेर येऊन कालव्याच्या बांधावर बसले. ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये जागा न ठेवता. दुपार कलायला लागली होती. जळबा पाण्याकडे बघत होता. त्याच्यावरून ऊन सरकत होतं, आणि त्या सगळ्यावर तो सूर, नेहमीच्या जागी, नेहमीएवढा.

"बंद झाल्यावर कसं वाटतं?" त्यानं विचारलं.

 मघाशी नटाखालचा सुस्कारा शोधताना वळवली होती तशी तिनं मान वळवली आणि ऐकलं.

"पाणी जाऊन राहिलं," ती म्हणाली. "पलीकडं कुणीतरी बैलाला हाकून राहिलं. लिंबावर एक होला घुमतोय."

"आन् त्याच्यामागं?"

"त्याच्यामागं काय न्हाई."

त्यानं मान डोलावली. ती थांबली नाही. एकेक ऐकत, एकेक सांगत राहिली. "धर्मसिंगनं हवा सोडली. सायकल गेली रस्त्यानं, साखळी वाजून राहिली तिची." मग थोडा वेळ काहीच नाही.

"होला उडाला," ती जरा मोठ्यानं म्हणाली, त्याला ऐकू जावं म्हणून.